पोळपाटासारखं धुतलेलं चित्र

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. १९७४ साली, पोळ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी, बालवाडीची पोरं प्रार्थनेला बसायच्या आत. जागा म्हणजे कुंभार पिंपळगावच्या बाजाराला पायी जाता येईल अशा एका गावात चावडीला लागून असलेली खोली. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. ती मला माहीत नाहीत म्हणून नव्हे. अक्का आजही याच जिल्ह्यात नांदते, माय-बाप त्याच गावात राहतात आणि मी अजून भिते, म्हणून.

मी एरवी पत्रकं लिहिते. जालन्यात मस्तगडला एका दुकानाच्या माडीवर आम्ही चारपाच जण बसतो, तिथंच ती निघतात. ही हकीकत मी तिथं मांडली तेव्हा आमच्यातलाच एक जण म्हणाला, "लाकडी खेळण्यावर कोण पत्रक काढतं गं? विहिरीवर लिही, गायरानावर लिही." विहिरीवर लिहिलं, गायरानावरही लिहिलं. आता खेळण्यावर लिहिते.

तर अक्का. आमच्या बौद्धवाड्यात सातवी पास झालेली ती पहिली मुलगी. गावाला बालवाडी मंजूर झाली आणि शिकलेली, गावातच राहणारी, दुपारपर्यंत मोकळी असणारी दुसरी बाई सापडेना, म्हणून ती बाई झाली. गावानं हौसेनं नेमली नाही. तिच्यासोबत मदतनीस म्हणून गावातल्या एका विधवा बाईला घेतलं, तिला सगळे काकू म्हणायचे. काकू झाडायच्या, सुकडी शिजवायच्या आणि पोरं घरी गेली की सतरंजीवर पाणी शिंपडायच्या. शिंपडताना त्या अक्काकडं बघत नसत. अक्काही खिडकीतून बाहेर बघे. दोघींचं हे न बोलता ठरलेलं होतं. मला तेव्हाही त्याचा राग यायचा. अक्का म्हणायची, "पाणीच हाय, वाळतंय."

ते चित्र जालन्याहून आलं. कुणी धर्मादाय लोकांनी जुनी खेळणी वाटली, त्यातली एक पेटी आमच्या गावाच्या वाट्याला आली. वर इंग्रजी अक्षरं, ती गावात कुणालाच वाचता येईनात. आत लाकडाचे तुकडे. लाकडावर कागदाचं चित्र चिकटवून ते बारीक करवतीनं वेडंवाकडं कापलेलं, एकाला जीभ तर दुसऱ्याला खाच. सगळे तुकडे एकमेकांत बसवले की पाटाएवढं चित्र व्हायचं. रंग फार जुने, चहा सांडल्यासारखे तपकिरी पडलेले. घनदाट रान, मागं टेकडीवर राजवाडा, पुढं पिवळ्या केसांची एक पोरगी, पायात लाल बूट. तिच्या वाटेवर कंदील घेतलेली एक म्हातारी. आणि झाडांच्या आड डोळे. नुसते डोळे, जनावर दिसायचं नाही. परदेशातली कुठली तरी परीकथा असणार. ती कोणती ते अजून मला माहीत नाही.

अक्का दरवेळी वेगळी गोष्ट सांगायची. कधी म्हातारी चांगली, कधी वाईट. पोरं विचारायची, "बाई, ते डोळे कुनाचे?" अक्का म्हणायची, "तुमाला काय वाटतं?" कुणी म्हणे लांडगा, कुणी म्हणे भूत. आमच्या वाड्यातली एक चिमुरडी म्हणाली होती, "तिच्या पायात बूट हायेत, पळंल ती." त्यावर सगळी हसली. गावातलीही, वाड्यातलीही.

आता अक्काची पद्धत नीट लक्षात घ्या, कारण तिच्यावर राग तिथूनच धरला गेला. तिनं पोरांना एका गोलात बसवलं. प्रत्येकाच्या हातात तुकडे दिले. ज्याच्याकडं ज्या जागेचा तुकडा, त्यानंच तो बसवायचा, दुसऱ्यानं हिसकायचा नाही. एक जण जरी रुसून बसला तरी चित्राला भोक पडायचं. मी सातवीत होते, माझी शाळा भरायच्या आधी जाऊन तिला तुकडे वाटू लागायची. पाटलांच्या, माळ्यांच्या, आमच्या पोरांची डोकी त्या चित्रावर एकत्र झुकलेली मी पाहिली आहेत. तेलाचे आणि बिनतेलाचे केस एकमेकांत गुंतावेत इतकी जवळ. मला ते बघून आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटायची. कुणीतरी दारात येऊन उभं राहील असं सारखं वाटायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ते माणूस आलं. गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराची आई, नातवाला न्यायला. पोरगं गोलात बसलेलं, 'बूट हायेत, पळंल ती' म्हणालेली आमची चिमुरडी त्याच्या शेजारी. तिनं चुकून आपल्या हातात आलेला तुकडा त्याला दिला, कारण तो त्याच्या जागेचा होता. तुकड्यावर चित्रातल्या पोरीचा चेहरा होता. पोरांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. हातात आलं की तोंडात. त्यानं तो तोंडात घातला आणि चावला.

म्हातारी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली, "काकू, पोरगं उचला" एवढंच म्हणाली. काकूंनी त्याला उचललं. तुकडा त्याच्या मुठीतच राहिला. अक्का म्हणाली, "आजी, तेवढा तुकडा ठिवा त्याच्या हातातला." म्हातारीनं ऐकलं नाही, की ऐकून सोडलं. तिची पाठ चावडीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत सगळ्या पोरांनी हातातले तुकडे खाली ठेवले होते. लहान पोरांना काय कळतं म्हणतात. सगळं कळतं.

घरी आल्यावर अक्कानं जेवण टाळलं. मायनं विचारलं, "काय झालं?" अक्कानं सांगितलं. माय त्याच घराचा गोठा झाडायला जायची, म्हणून ती एकदम खाली बसली. बा म्हणाला, "लेकरानं चावलं, त्यात काय. सणाच्या दिवसात कोन ध्यानात ठिवतं." पण तो बोलत होता आणि दाराकडं बघत होता. आमच्या दाराला कडी नव्हती, सुतळीचा फास होता.

पोळा शनिवारी आला. बैलं सजली, वाजत गेली. वाड्यापर्यंत हलगीचा आवाज येत होता, हलगी वाजवणारे आमचेच होते. रविवारी पोळ्याची कर. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मी अक्काला म्हटलं, "इसरले असतील." अक्का म्हणाली, "ते इसरले की आपल्याला सांगत्यात. अजून सांगितलं न्हाई."

सोमवारी आम्ही दोघी खोलीवर गेलो. पेटी तिच्या जागेवर होती. झाकण उघडल्याबरोबर गोमूत्राचा वास आला. तुकडे ओले, फुगलेले, कडा मऊ पडलेल्या. कागद सुटून गुंडाळ्या झालेल्या. राजवाडा एका बाजूला सोलून निघालेला, रान कुठं, वाट कुठं, काही कळेना. डोळे तेवढे शाबूत होते. अक्कानं दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांत घालून पाहिले. जीभ खाचेत जाईना. तिनं अंगठ्यानं दाबलं. फुगलेलं लाकूड उसळून वर आलं.

काकू आल्या, दाराशीच थबकल्या. अक्कानं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझं नाव घिऊ नको माय. म्हातारीनं पेटी मागितली, म्या नेऊन दिली. घरात वाद झाला त्यांच्या. म्हनले मातीचं असतं तर फोडलं असतं, पितळंचं असतं तर राखंनं घासलं असतं. लाकडाचं काय करावं कुनाला ठाव न्हाई. मंग म्हातारी म्हनली, लाकूडच हाय, पोळपाटावानी धुऊन घ्या. घंगाळात टाकलं, वरून गोमूत्र शिंपडलं. जल्दी काढनार व्हते. पर सणाची धांदल. बैलांच्या नादात ऱ्हायलं ते पान्यात."

पोळपाट. म्हणजे नियम आठवला, पण पोळपाट अखंड असतो, पुसून लगेच भिंतीला टेकतात, हे सुचलं नाही. मी तुम्हाला विचारते. माझ्या बापानं फोडलेलं सरपण त्यांच्या चुलीत बिनधुतं जात होतं. त्याच्या खांद्यानं चढवलेलं आढं त्यांच्या डोक्यावर होतं, ते कुणी घंगाळात घातलं नव्हतं. लाकूड बाटतं केव्हा? आमचं पोर त्यांच्या पोराशेजारी बसून खेळतं तेव्हा. हा नियम कुठल्या पोथीत आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

तेवढ्यात जमीनदार आला. म्हातारीचा लेक. तोच बालवाडीच्या समितीवर होता. पेटीत डोकावला आणि जसं काही पहिल्यांदाच बघतोय असं म्हणाला, "बाई, हे काय करून ठेवलं?"

अक्का म्हणाली, "दादा, पेटी तुमच्या घरी गेल्ती."

"आमच्या घरी? कोन म्हनतं?"

अक्कानं काकूंकडं पाहिलं नाही. काकूंचं मागणं तिनं तिथंच पाळलं, आणि तिथंच ती अडकली. काकू सुकडीचं पातेलं घासायला बसल्या. पातेलं स्वच्छच होतं.

"सुट्टीत घरी नेलं असंल पोरास्नी खेळायला," तो म्हणाला. "भिजवून आनलं. आन् तुकडे मोज बरं, हे बराबर हायेत का? एक कमी दिसतोय. तोंडच न्हाई चित्राला."

"त्यो तुमच्या बाळाच्या मुठीत गेला, दादा. आजीनं नेलं तवा."

"म्हंजी माझी माय चोर?"

तो ओरडून विचारत नव्हता. शांत विचारत होता, आणि हसतही होता थोडं. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून तपासणीच्या बाई येणार होत्या. शिवाशिव पाळणं गुन्हा आहे हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. त्यालाही भीती होतीच. फरक एवढाच की त्याच्या भीतीला माणसं पाठवता येत होती.

ती दुपारी आली. वाड्यातली धडधाकट माणसं रानात गेलेली, म्हातारे आणि आम्ही तेवढे घरी. आधी कुत्री भुंकली, मग एकदम गप्प झाली. शेजारच्या म्हातारीनं चुलीतलं लाकूड ओढून पाणी मारलं, धूर नको म्हणून. जसं काही धूर दिसला नाही तर घरच दिसणार नाही. अक्कानं मला भिंतीकडं सरकवलं. सुतळीचा फास बाहेरून कुणीतरी सावकाश सोडवला. तोडला असता तरी चाललं असतं. सावकाश सोडवला, ते मला अजून झोपेत दिसतं.

"तुकडा काढा," एक जण म्हणाला.

"आमच्याकडं न्हाई," अक्का म्हणाली.

"मंग बघतो."

त्यांनी पिठाचं मडकं पालथं केलं. गोधडी झटकली. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर काढून मागं पाहिलं आणि उलटी तोंड करून जमिनीवर ठेवली. माझ्या दप्तरातली पुस्तकं एक एक करून झटकली. त्यातला एक पोरगा माझ्याच शाळेत दोन वर्ग पुढं होता. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "राणीसारखं चित्र खेळता व्हय गं?" बाकीचे हसले. जाताना म्हणाले, "उद्यापस्तोर तुकडा भेटला न्हाई तर गिरनीवर दळन मिळनार न्हाई कुनाला. वाड्याला सांगा."

म्हणजे आता आमचं घर एकीकडं आणि वाड्यातल्या बाकी सगळ्या चुली एकीकडं. संध्याकाळी शेजारपाजार आला. कुणी शिव्या दिल्या नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, असंल तर देऊन टाक." तेवढं अक्काला जास्त लागलं. "काका, तुमी बी?" ती म्हणाली. म्हातारा जमिनीकडं बघत म्हणाला, "नातवंडं हायेत मला."

दिवेलागणीला माय गोठ्यावरून आली. आत आली, दार लावलं, आणि पदराची गाठ सोडली. तुकडा.

गव्हाणीमागच्या कडब्याच्या कुट्टीत पडलेला तिला दिसला होता. म्हातारीनं नातवाच्या मुठीतून काढून, घराचा उंबरा बाटू नये म्हणून, गोठ्यातच भिरकावला असणार. कोरडा, खणखणीत, चित्र जसंच्या तसं. पिवळे केस, गोरं तोंड. आणि एका कोपऱ्यावर बारीक दातांचे वण, उंदरानं कुरतडल्यासारखे. पण उंदराचे नव्हते.

अक्कानं विचारलं, "माय, उचलताना कुनी व्हतं का तिथं?"

"कुनी न्हाई. म्हनून तर उचलला."

मग आम्हाला समजलं. तिथंच राहिला असता तर तो त्यांच्या घरातला पुरावा होता. आता तो आमच्या घरातला होता. सकाळी नव्हता म्हणून आम्ही चोर होतो आणि आता होता म्हणूनही. बा उठला, तुकडा घेतला, चुलीपाशी गेला. "राख झाली की मिटलं," म्हणाला.

अक्कानं त्याचा हात धरला. बाचा हात तिनं तसा धरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. "बा, हे कोरडं हाय," ती म्हणाली. "बाकी समदे भिजले, ह्यो कोरडा. म्या घरी नेऊन भिजवलं असतं तर ह्यो बी भिजला असता. आन् दात बघ. तुझ्या घरात एवढ्या बारीक दाताचं कोन हाय?"

बा म्हणाला, "तुझं खरं हाय. खरं हाय म्हनूनच भ्या वाटतंय."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई जीपनं आल्या. जमीनदार, दोन-चार पुढारी, काकू, सगळे खोलीत. मी दाराशी. अक्कानं फुगलेले तुकडे सतरंजीवर मांडले, वासासकट. मध्ये तो कोरडा तुकडा ठेवला. तो कुठं सापडला ते सगळ्यांसमोर सांगितलं, मायचं नाव घेऊन, कारण न घेऊन चालणार नव्हतं. वाक्य एकही गाळलं नाही. मला वाटलं आता कुणीतरी तिला मारील. कुणी मारलं नाही. जमीनदार नुसता म्हणाला, "बघा बाई, तुकडा निघालाच ना त्यांच्याकडनं."

बाईंनी तुकडा हातात घेतला. दातांच्या वणांवरून बोट फिरवलं. भिजलेला एक तुकडा नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. मग काकूंना विचारलं, "पेटी कुठं होती सुट्टीत?"

काकू पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाल्या, "मला न्हाई ठाव, बाई."

नंतर बाईंनी अक्काला जीपपाशी बोलावलं. मी मागं होते, ऐकलं. "तू खरं बोलतेस, मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण खोली गावाची आहे. गावानं कुलूप लावलं तर सगळीच मुलं घरी बसतील. तुझ्यासारख्या हुशार मुलीनं समजून घ्यावं."

अक्कानं विचारलं, "मंग आमच्या वाड्यातली पोरं कुठं बसतील, बाई?"

बाई म्हणाल्या, "ते आपण बघू." जीप गेली.

अक्काचं काम गेलं. कारण सांगितलं, सरकारी वस्तूची हेळसांड. मायचं गोठ्याचं काम गेलं. गिरणी उघडी राहिली, म्हणून वाडा आमच्याशी बोलत राहिला. त्याच वर्षी अक्काचं लग्न भोकरदनकडं लावून दिलं, घाईनं, जसं काही तिला लपवायचं होतं. जाताना तिनं तो तुकडा, त्या दिवशी खोलीतून परत उचलून आणलेला, माझ्या दप्तरात टाकला. म्हणाली, "मला तिकडं नको. सासरी कुनी इचारलं हे काय, तर सांगता येनार न्हाई."

नवी बाई आली, गावातली. पहिल्या दिवसापासून आमची पोरं उंबऱ्याजवळ, वेगळ्या पोत्यावर. सतरंजीवर पाणी शिंपडायची गरज उरली नाही, काकूंचं एक काम कमी झालं. पाच वर्षं झाली. ज्या चिमुरडीनं तुकडा शेजाऱ्याला दिला होता ती आता शाळेत जाते. मी मागच्या वेळी गावी गेले तेव्हा पाहिलं, ती कुणाच्या हातात काहीच देत नाही. पेन्सिल मागितली तर जमिनीवर ठेवते आणि हात मागं घेते. तिला हे कुणी शिकवलं नाही असं तिची आई म्हणते.

तुकडा माझ्या ट्रंकेत आहे. कधी काढून बघते. बाकीचं चित्र घंगाळातच गेलं, फुगलेले तुकडे त्या खोलीतच राहिले. हा एवढा चेहरा राहिला, रान नाही, वाट नाही, राजवाडा नाही. ज्या डोळ्यांकडं ती पोरगी पाठ करून उभी होती ते डोळेही नाहीत. पण तुकडा हातात घेतला की ते माझ्या पाठीमागं असतात. हे लिहितानाही मी दोनदा उठून दाराची कडी पाहिली. इथं कडी आहे, तरी पाहिली.

माझ्या बहिणीचं काम तुम्ही परत देऊ शकत नाही, ते मी तुमच्याकडं मागतही नाही. मी दुसरं मागते. तुमच्याही गावात बालवाडी असेल. उद्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी तिथं जा. चपला काढा, आत जा आणि पोरं कशी बसलीत ते बघा. उंबऱ्याजवळ वेगळं पोतं असेल तर ते उचला. त्यावरच्या पोराचा हात धरा, त्याला गोलात मध्ये बसवा आणि सुट्टी होईपर्यंत तिथून हलू नका. दारात कुणीतरी येईल. ओरडणार नाही, शांतपणे विचारील, "तुमी कोन?" तेव्हा तुमचं नाव सांगा. माझ्या अक्कानं तर सगळ्यांसमोर मायचंही नाव घेतलं होतं.